कापसाच्या वाटेने आलेला सूर

१९७१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत ऑर्नेट कोलमन यांच्या नव्या ध्वनिमुद्रिकेचं काम सुरू होतं. कोलमन म्हणजे जाझमधलं वादळी नाव. बारा वर्षांपूर्वी, १९५९ मध्ये, या सॅक्सोफोनवादकाने स्वरमेळांची ठरलेली चौकट बाजूला ठेवून वाजवायला सुरुवात केली, तेव्हा कोणी त्याला द्रष्टा म्हटलं, कोणी वेडा. आता स्टुडिओत त्याच्यासोबत ड्यूई रेडमन, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल, बिली हिगिन्स अशी एकाहून एक वाकबगार माणसं होती. या मुद्रिकेत दोन गाणी होती, आणि ती गायला बोलावलं होतं मुंबईहून आलेल्या सव्वीस वर्षांच्या एका गायिकेला. तिचं नाव आशा पुथली.

मुद्रिका १९७२ मध्ये ‘सायन्स फिक्शन’ या नावाने निघाली. जाझच्या इतिहासावरचं कुठलंही जाडजूड पुस्तक तिला ओलांडून पुढे जात नाही. त्याच वर्षी ‘डाउनबीट’ या अमेरिकेतल्या सर्वांत मानाच्या जाझ मासिकाच्या समीक्षक-कौलात आशा पुथली यांच्या नावाला गायिकांच्या विभागात बहुमान मिळाला. त्यानंतर त्यांनी सोल गायलं, डिस्को गायलं, युरोपात मुद्रिका काढल्या. आज विशीतली मुलं लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या जुन्या मुद्रिका शोधत फिरतात. मराठीत मात्र संगीतावर एवढं लिहिलं जातं, गायकांच्या आठवणींनी दिवाळी अंक भरतात, तरी या मुंबईकर गायिकेवर चार ओळी सापडणंही मुश्कील आहे.

हा लेख दिग्रसहून लिहिला जातो आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या गावाचा जाझशी आणि सोलशी काय संबंध, असं कोणी विचारेल. संबंध आहे, आणि तो कापसाचाच आहे. म्हणून आशा पुथली यांच्याकडे जाण्याआधी ही गाणी जिथे जन्मली त्या शेतांकडे जायला हवं.

पऱ्हाटी आणि ब्लूज

दिवाळीच्या सुमाराला दिग्रसच्या चहूबाजूंची शिवारं पांढरी होऊ लागतात. पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादहीची पूजा होते, पऱ्हाटीला म्हणजे कापसाच्या झाडाला नैवेद्य दाखवला जातो आणि बायका ओळीने वेचायला लागतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं सोलवटतात, आणि एकीने सुरू केलेलं गाणं दुसरी उचलते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया इथेही हेच पीक, हीच हाताने वेचणी. फरक होता तो फार मोठा आणि फार क्रूर होता. तिथे वेचणारी माणसं विकत घेतलेली होती. आफ्रिकेतून साखळदंडांनी बांधून आणलेले लोक आणि त्यांची लेकरंबाळं पिढ्यान्‌पिढ्या त्या शेतांत राबली. त्यांच्याजवळ ना जमीन होती, ना घर, ना स्वतःचं नाव. त्यांच्यापाशी उरला तो गळा. शेतात काम करताना एकाने लांब हाळी द्यायची, दुसऱ्यांनी तिला उत्तर द्यायचं. या हाळीतून आणि कामाच्या गाण्यांतून पुढे ब्लूज तयार झाले.

दोन्हीकडच्या कापसाची गाठ इतिहासानेही मारलेली आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. गुलामगिरी संपवणारं हे युद्ध तिकडे पेटलं असताना इंग्रजांची नजर वऱ्हाडावर होती. निजामाकडून १८५३ मध्येच वऱ्हाड त्यांच्या ताब्यात आलं होतं. मुंबईत रुईचे भाव आभाळाला भिडले. पुढे वऱ्हाडात लोहमार्ग आले, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. दारव्ह्यावरून जाणारी यवतमाळ-मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वेसुद्धा मुळात कापूस वाहून नेण्यासाठीच घातलेली. मिसिसिपीच्या कापसाला खीळ बसली म्हणून आपल्या भागाचं अर्थकारण बदललं. त्या कापसाबरोबर पिकलेलं गाणं मात्र आपल्याकडे यायला पुढची सत्तर वर्षं लागली.

ते गाणं ऐकताना पहिल्यांदा कानाला खटकतो तो त्यातला गंधार. पाश्चात्त्य स्वररचनेत गंधार एक तर कोमल असतो, नाही तर शुद्ध. ब्लूज गाणारा माणूस या दोहोंच्या मधली जागा घेतो आणि तिथे स्वर हलता ठेवतो. पियानोच्या पट्टीवर ती जागा नाही. गळ्याला, सॅक्सोफोनला, तारेवर घसरणाऱ्या बोटाला ती मिळते. दरबारी कानड्यातला आंदोलित गंधार ज्याने ऐकलाय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत बंदी घातली होती. दोन पट्ट्यांमधले सूर पेटीला काढता येत नाहीत, हा त्यामागचा एक मोठा आक्षेप होता. ब्लूज गाणाऱ्याला पियानोशी हाच झगडा करावा लागला.

दुसरी खूण सवाल-जवाबाची. एकाने ओळ टाकायची आणि समूहाने ती झेलायची, ही रीत चर्चमधल्या गॉस्पेल गायनात मुरली. तिथून देवाच्या जागी माणसाचं प्रेम, माणसाचं दुःख आलं आणि सोल संगीत तयार झालं. रे चार्ल्स यांनी पन्नासच्या दशकाच्या मध्यावर हे पाऊल टाकलं, सॅम कुक त्याच वाटेने आले, आणि १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिन यांच्या आवाजाने ते शिखरावर पोचलं. अरीथा यांचे वडील नामांकित धर्मोपदेशक होते, आणि या वडिलांचा जन्म मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात शेतमजुरांच्या घरात झाला होता. ब्लूजचे बी. बी. किंग यांनीही तरुणपणी कापूस वेचला होता. दिग्रस तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर फाल्गुनात डफावर होळीची लेंगी गीतं म्हटली जातात किंवा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं खंजिरी भजन रंगतं, तेव्हा पुढच्याने टाकलेली ओळ मागचे जीव ओतून उचलतात. सोल ऐकायला लागणारा कान इथल्या माणसाकडे आहेच.

ताजमधलं जाझ, तंबूतलं जाझ

१९३५ च्या अखेरीस व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला आणि शहराला जाझची गोडी लागली. पुढे क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्याकडून ही विद्या उचलली ती गोव्याच्या कलावंतांनी. चर्चच्या शाळांत त्यांनी लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकून घेतलं होतं. रात्री हॉटेलात जाझ वाजवायचं आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत, असा त्यांचा दिनक्रम होता. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतले अग्रणी. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट यांच्या ट्रम्पेटचा जो वापर केला, त्यावर गावोगावच्या तंबूतल्या सिनेमात शिट्ट्या पडल्या. ते जाझ आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायची गरजही नव्हती. पाय थिरकले, तेवढं पुरे होतं.

पुढच्या काळात अमेरिकी सरकारनेच आपले मोठे वादक जगभर पाठवले. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये, ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये भारतात येऊन गेले. पाठोपाठ १९६४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग आले. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कॉनोव्हर यांचा जाझचा कार्यक्रम रात्री लागायचा. चर्चगेटच्या हॉटेलांत ख्रिस पेरी यांचा ट्रम्पेट आणि लॉर्ना कॉर्देरो यांचा आवाज गर्दी खेचत होता. लॉर्ना यांनी हा ठेका कोकणीत आणला आणि गोव्याच्या घराघरात पोचवला. त्यांच्या आणि पेरींच्या गाण्यांवर उभा राहिलेला ‘नाचुंया कुंपासार’ हा चित्रपट सर्वोत्तम कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला. लॉर्ना यांच्या पदरात आपल्या माणसांचं प्रेम पडलं. त्याच शहरातली दुसरी गायिका वेगळ्या वाटेने गेली, आणि ती वाट लांबची होती.

दोन गुरू, एक रेडिओ

आशा पुथली यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९४५ रोजी मुंबईत झाला. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या नात्यातलं हे घर. लहानपणापासून त्यांना भारतीय शास्त्रीय संगीताचं आणि पाश्चात्त्य ऑपेराच्या गायकीचंही शिक्षण मिळालं. नृत्यही शिकल्या. पंडित लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे त्यांनी ख्याल आणि ठुमरीची तालीम घेतली. ऑपेराने त्यांना श्वास पोटातून कसा उचलायचा आणि वरच्या सप्तकात आवाज न फाटता कसा न्यायचा हे शिकवलं. ख्यालाने एका स्वरावर थांबण्याचा धीर दिला. ठुमरीने दिला तो बोल-बनाव. एकच ओळ दहा वेळा घ्यायची, आणि दहाही वेळा तिच्यातून वेगळा भाव काढायचा.

जाझ आणि पॉप त्यांना रेडिओने शिकवलं. तेराव्या वर्षी एका स्पर्धेत त्यांनी ‘मालाग्येन्या’ हे लॅटिन वळणाचं गाणं गाऊन बक्षीस मिळवलं आणि तिथून धिटाई आली. त्या काळी मुंबईत संध्याकाळच्या चहाला नाचाचे कार्यक्रम होत आणि त्यांत जाझ वाजे. त्या कार्यक्रमांत त्या वादकांबरोबर उभ्या राहून आयत्या वेळी सुचेल तसं गाऊ लागल्या. ज्या मुलीला आलाप आणि तान अंगवळणी पडली आहे, तिला आयत्या वेळी गाण्याची भीती कशाला वाटेल?

साठच्या दशकाच्या अखेरीस एका बीट वाद्यवृंदासोबत त्यांनी एक छोटी मुद्रिका केली. तीत ‘फीव्हर’ आणि ‘सनी’ ही गाणी होती. दोन्ही मुळात कृष्णवर्णीय गायकांनी गाजवलेली, दोन्ही सोलच्या अंगाने जाणारी. म्हणजे अमेरिका पाहण्याआधीच त्यांची दिशा ठरली होती.

याच सुमारास वेद मेहता हे अमेरिकेत राहणारे अंध लेखक भारतभर फिरत होते. मुंबईच्या जाझवर त्यांनी लिहिलं आणि त्यात आशा पुथली यांच्याबद्दल लिहिलं. ते १९७० मध्ये ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या पुस्तकात आलं. तोवर आशा यांनी देश सोडण्याचा मार्ग काढला होता. त्या काळी परदेशी जाणाऱ्याला परकीय चलन जेमतेम मिळायचं. त्यांनी ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सुंदरीची नोकरी धरली. मग मार्था ग्रॅहॅम यांच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती मिळाली आणि न्यूयॉर्क गाठता आलं.

तिथे त्यांची गाठ जॉन हॅमंड यांच्याशी पडली. हॅमंड हे कोलंबिया कंपनीतलं मोठं प्रस्थ. बिली हॉलिडे, अरीथा फ्रँकलिन, बॉब डिलन या सगळ्यांना हेरणारा हा माणूस. वेद मेहतांचं लिखाण त्यांच्या वाचनात आलेलं होतं. त्यांनी आशा यांचं गाणं ऐकलं आणि कंपनीत घेतलं.

तीन-चार मिनिटांची दोन गाणी

कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’मधलं पहिलंच गाणं ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’. ते नीट ऐकायला हवं, कारण आशा पुथली यांची कला तिथे सर्वांत उघडी दिसते.

गाणं सुरू होतं आणि वाटतं, दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. खाली ड्रम सुसाट सुटलेले आहेत, बास त्यांच्यामधून वाट काढतो आहे. वर चाल अगदी संथ आहे. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि आवाज हे सगळे मिळून लांब लांब स्वर ओढत नेतात. विलंबित ख्यालात गायक लांब श्वासाने स्वर मांडतो आणि तबलजी मात्रांमधली जागा भरत राहतो, हे ज्याने ऐकलंय त्याला इथे पाय ठेवायला जमीन सापडते. अमेरिकन जाझ गायिकांची सवय वेगळी होती. त्यांचा आवाज ठेक्याच्या किंचित मागे-पुढे खेळत जाई. इथे खेळायला ठेकाच धरून ठेवलेला नव्हता. नुसत्या स्वराच्या भरवशावर तरंगत राहायचं होतं. हे काम जयपूरवाल्यांच्या शिष्येला जमलं.

दुसरं गाणं ‘ऑल माय लाइफ’. त्यात चाल एका स्वरावरून लांबच्या दुसऱ्या स्वरावर उडी घेते. अशा उड्या भारतीय गायनात सहसा नसतात. आपण मधले स्वर मींडेने जोडत जातो. आशा यांनी दोन्ही केलं. उडी घेतली ती ऑपेराच्या तयारीने, आणि पोचल्यावर तो स्वर किंचित हलवला, झुलवला, मगच सोडला. त्यामुळे कोलमन यांच्या तुटक, टोकदार चालीला माणसाची ऊब आली.

या दोन गाण्यांत सरगम नाही, तराणा नाही, कुठल्या रागाचं नाव घेता येईल अशी फिरत नाही. हे नमूद करण्याचं कारण त्या काळात आहे. १९६७ मध्ये मॉन्टेरेच्या महोत्सवात रविशंकर यांनी अमेरिकन तरुणांना भारावून टाकलं होतं. १ ऑगस्ट १९७१ ला, कोलमन यांच्या ध्वनिमुद्रणाच्या महिनाभर आधी, न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशसाठीची ती प्रसिद्ध मैफल झाली होती. भारतीय म्हटलं की सतार आणि उदबत्ती, अशी तिकडच्या लोकांची समजूत पक्की होत होती. त्या समजुतीला शरण जाणं आशा पुथली यांना सोपं होतं आणि फायद्याचंही ठरलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. जे गाणं समोर होतं त्याच्या नियमांनी त्या गायल्या. तालीम त्यांनी आतून वापरली, श्वासात आणि स्वर सोडण्याच्या पद्धतीत. ती दाखवण्यासाठी म्हणून वापरली नाही. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं कर्तृत्व हेच आहे, आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या विस्मृतीचं कारणही तेच.

सोलचा श्वास

कोलमन यांच्याकडे जाण्याच्या आसपासच त्यांनी पीटर आयव्हर्स ब्लूज बँडसोबत ‘एन्ट दॅट पिक्युलियर’ गायलं होतं. मूळ गाणं १९६५ चं, मार्व्हिन गे यांनी डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी गायलेलं. मोटाउनची शिस्त कडक होती. ठेका ठसठशीत आणि गळा त्यावर स्वार. आशा यांनी त्याच शब्दांना वेगळ्या लहरीने घेतलं. कुठे आवाज पातळ केला, कुठे वर उंच फेकला. ठुमरीतला बोल-बनाव इंग्रजी शब्दांवर कसा चालतो हे ऐकायचं असेल तर ही दोन ध्वनिमुद्रणं पाठोपाठ ऐकावीत.

१९७३ मध्ये त्यांची स्वतःच्या नावाची पहिली मोठी मुद्रिका सीबीएस कंपनीने काढली. निर्मिती डेल न्यूमन यांची. तिच्यात बिल विदर्स यांचं ‘लेट मी इन युअर लाइफ’ आहे. विदर्स हे वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणीच्या गावचे, विमानांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कामाला असलेले गृहस्थ. त्यांच्या गाण्यात अलंकार नसतो, सरळ बोलणं असतं. असं गाणं गाणं फार अवघड. गळ्याची करामत दाखवली की गाणं मेलं. आशा इथे आवाज जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर ठेवतात आणि वाक्याच्या शेवटाला किंचित धार देतात.

त्याच मुद्रिकेत जॉर्ज हॅरिसन यांचं ‘आय डिग लव्ह’ आहे. त्यात त्यांनी श्वासालाच वाद्य केलं. हुंकार, कुजबुज, ओठांवरचं हसू हे सगळं मायक्रोफोनच्या अगदी जवळ. डोना समर यांचं श्वासाने भारलेलं गाणं जगभर गाजलं ते १९७५ मध्ये. आशा यांचं आधीचं. आपल्याकडे या प्रकारच्या गाण्याला सवंग म्हणून बाजूला सारायची पद्धत आहे. पण मायक्रोफोनजवळ कुजबुजताना सूर ढळू न देणं याला दमदार तानेइतकाच रियाज लागतो. श्वास कमी झाला की स्वर खाली बसतो, हे गाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आशा यांचा स्वर बसत नाही.

१९७६ च्या ‘द डेव्हिल इज लूज’मध्ये ही शैली पूर्ण पिकली. जर्मन निर्माते डीटर झिमरमन यांच्यासोबत केलेल्या या मुद्रिकेत ‘स्पेस टॉक’ हे गाणं आहे. खाली बासची गोल फिरणारी ओळ, मागे तंतुवाद्यं, आणि मधोमध तरंगणारा एक आवाज, घाई अजिबात नसलेला. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्क्यूसो आपल्या घरात ‘द लॉफ्ट’ नावाने नाचाच्या रात्री भरवत. कृष्णवर्णीय, लॅटिन, समलिंगी अशा, इतरत्र दारातच अडवल्या जाणाऱ्या माणसांची ती हक्काची जागा. ‘स्पेस टॉक’ तिथे वाजलं आणि तिथलंच झालं.

नाव हरवतं कसं

एवढं सगळं असून हे नाव मागे का पडलं? पहिलं कारण बाजाराचं. त्यांच्या सीबीएसच्या मुद्रिका मुख्यतः युरोपात निघाल्या. ज्या देशाचं हे संगीत, त्या अमेरिकेच्या दुकानांत त्या सहज मिळत नव्हत्या. दुसरं कारण कप्प्यांचं. अमेरिकेत मुद्रिका विकल्या जात त्या वंशाचा शिक्का मारून. सोल कृष्णवर्णीयांचं, रॉक गोऱ्यांचं. सोल गाणारी भारतीय स्त्री कुठल्या खणात ठेवायची, हे विक्रेत्यांना कळेना. तिसरं कारण आपलं. आपण परदेशात नाव काढणाऱ्याचा अभिमान बाळगतो तो त्याने तिथे ‘आपलं’ काही नेलं तर. रविशंकर, अल्लारखाँ, झाकिर हुसेन यांची नावं आपण मिरवतो, आणि ते योग्यच आहे. पण दुसऱ्याचं संगीत आपलंसं करून त्यांच्याच अंगणात त्यांच्या तोडीचं गाणाऱ्या माणसाला मोजायची फूटपट्टी आपल्याकडे नव्हती.

ऐंशीच्या दशकात मुलाच्या संगोपनासाठी आशा पुथली यांनी गाणं बाजूला ठेवलं. त्यांना परत आणलं ते त्यांच्याच जुन्या आवाजाने. हिपहॉपचे कलावंत जुन्या मुद्रिकांमधला चार-आठ मात्रांचा तुकडा कापून त्यावर नवं गाणं रचतात. १९९७ च्या मार्चमध्ये नोटोरियस बी.आय.जी. हा न्यूयॉर्कचा रॅपर गोळीबारात मारला गेला आणि पंधरवड्याने त्याची शेवटची मुद्रिका आली. तिच्यातल्या एका गाण्याखाली ‘स्पेस टॉक’ वाजतं आहे. लाखो लोकांनी तो आवाज ऐकला. काहींनी तो कोणाचा याचा शोध घेतला, आणि जुन्या मुद्रिकांना पुन्हा मागणी आली.

२००६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्या पुन्हा गायल्या. ‘सायन्स फिक्शन’मधले ड्यूई रेडमन त्या दिवशी साथीला आले होते. पस्तीस वर्षांनी दोघं एका मंचावर. त्याच वर्षी २ सप्टेंबरला रेडमन वारले. २०२२ मध्ये ब्रिटनच्या मिस्टर बोंगो या कंपनीने आशा यांच्या निवडक गाण्यांची मुद्रिका काढली. २०२४ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्या मंचावर उभ्या होत्या आणि समोर त्यांच्या नातवंडांच्या वयाची गर्दी होती.

दिग्रसमधून ऐकताना

घंटीबाबांच्या या गावात यात्रा भरते, भजनं होतात, गणपतीत ऑर्केस्ट्रा येतो. जाझची मैफल इथे झाल्याचं कोणी सांगत नाही. तरी मी हे गाणं इथल्या लोकांना ऐकवावंसं म्हणतो, ते त्यांना काही नवं शिकवायचं म्हणून नव्हे. ज्या कष्टातून ते निघालं त्याचा एक भाग इथल्या बोटांना माहीत आहे. पोहरादेवीच्या यात्रेला जाणाऱ्या बायका वाटेने गात जातात, तेव्हा ज्या जागी त्यांचा आवाज मुद्दाम चिरकतो तीच जागा सोलमध्ये सर्वांत मोलाची मानतात. सफाईदार गळ्याला तिथे दुय्यम स्थान आहे. आधी खरेपणा हवा.

आशा पुथली या शेतात राबलेल्या नाहीत, हेही स्पष्ट म्हणायला हवं. त्या मुंबईच्या सुशिक्षित घरातल्या. मग त्यांच्या सोलमध्ये खरेपणा कुठून आला? माझं उत्तर असं आहे की त्यांनी दुसऱ्याच्या दुःखाची नक्कल केली नाही. अरीथासारखा टाहो फोडायला त्या कधी गेल्याच नाहीत. त्यांनी आपल्याजवळ जे होतं तेवढंच वापरलं: श्वास, स्वराची स्थिरता आणि एकटीने परक्या देशात उभं राहण्याचं धैर्य. दुसऱ्याच्या परंपरेत शिरताना पाहुण्याने कसं वागावं याचा हा धडा आहे. यजमानाचे कपडे घालून मिरवायचं नाही, आणि आपलीच शिदोरी त्याच्या ताटात ओतायचीही नाही. आधी ऐकायचं, मग गायचं.

अमरावतीपासून मुंबईपर्यंत आपल्या विद्यापीठांत संगीताचे विभाग आहेत. तिथल्या अभ्यासक्रमांत महाराष्ट्रातून पुढे आलेल्या कलावंतांचा धडा असेल, तर त्यात आशा पुथली यांचं आणि लॉर्ना कॉर्देरो यांचं नाव यायला हवं. मुंबईच्या जाझमध्ये आयुष्य घालवलेल्या वादकांच्या पिढीतले फार थोडे आता उरले आहेत. त्यांच्या आठवणी मराठीत नोंदवून ठेवायचं काम कोणीतरी लवकर हाती घ्यावं. पाच-दहा वर्षांनी सांगायला कोणी राहणार नाही.

आणि वाचकांना एक विनंती. या दिवाळीत अर्धा तास काढा. मोबाइलवर ही गाणी मिळतात. आधी मार्व्हिन गे यांचं ‘एन्ट दॅट पिक्युलियर’ ऐका, लगेच आशा पुथली यांचं ऐका. मग ‘लेट मी इन युअर लाइफ’, मग ‘स्पेस टॉक’. सगळ्यात शेवटी ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’. ते पहिल्यांदा ऐकताना गोंधळ वाटेल. ड्रमकडे लक्ष न देता फक्त आवाज धरा आणि तो कुठे श्वास घेतो ते पाहा. दुसऱ्यांदा ऐकताना ड्रमही कळतील. ऐकून झाल्यावर घरात कोणी गाणं शिकणारं मूल असेल, तर त्याला सांगा की जयपूरवाल्यांच्या एका शिष्येने ख्यालाच्या तालमीवर जगातल्या सर्वांत अवघड जाझमध्ये आपली जागा मिळवली, आणि ती जागा पन्नास वर्षांनंतरही तिचीच आहे.